डब्ल्यूपीएफ सॉफ्टवेअरला लॉगिन जोडायचं आहे: पासवर्ड नेमका तपासायचा कुठे?

खिडकी_उघडी

पावत्या आणि वसुलीचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे. डब्ल्यूपीएफ (विंडोजच्या खिडक्या बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट), डॉटनेट ८, मागे डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. सर्व्हर म्हणजे ऑफिसातलाच एक पीसी, बाकी आठ मशीन लॅनवर. कोणती पावती कोणी केली हे कळावं म्हणून लॉगिन लावलंय. वापरकर्त्यांचं टेबल आहे, त्यात पासवर्डचा एमडी५ (जुना हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेला ठसा). लॉगिनच्या खिडकीत नाव आणि पासवर्ड घ्यायचा, सिलेक्ट काउंटची क्वेरी मारायची, उत्तर १ आलं की मुख्य खिडकी उघडायची. महिनाभर असं चालू आहे, २३ वापरकर्ते झालेत.

अडलंय ते असं. एमडी५ बदलून दुसरं काय घ्यावं? 'मला लक्षात ठेव' असा टिकबॉक्स मागतायत, तर पासवर्ड कुठे ठेवू? मालकांना गुगलने लॉगिन हवंय. वेबव्ह्यू२ मध्ये (ॲपच्या आतच पान दाखवणारा ब्राउझर) गुगलचं पान उघडलं तर 'हा ब्राउझर किंवा ॲप सुरक्षित नसू शकेल' म्हणून अडवतं. आणि एक विचित्र प्रकार: काही मशीनवर लॉगिन बरोबर झालं की खिडकी मिटते आणि सोबत पूर्ण प्रोग्रॅमच बंद. एरर काहीच नाही. इंटरनेट दिवसातून दोनदा जातं, तेव्हाही काम चालायला हवं.

लॅनवरचा_माणूस

प्रश्न बरेच आहेत, पण मूळ घोळ एकच. पासवर्ड तपासतंय कोण? तुमची एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल. ती तर वापरणाऱ्याच्याच हातात आहे. ॲप-कॉन्फिगमध्ये कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसचा पत्ता, खातं आणि पासवर्ड) साध्या अक्षरांत पडलेली असणार, आणि पैज लावतो, एसए खात्याची, म्हणजे ज्याला डेटाबेसचे सगळे हक्क असतात. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, स्ट्रिंग उचलून मॅनेजमेंट स्टुडिओत (डेटाबेस थेट उघडणारं साधन) टाकायची, की तुमच्या लॉगिनला वळसा घालून माणूस थेट पावत्यांच्या टेबलात. स्ट्रिंग कोडात लपवलीत तर आयएलस्पायमध्ये (बनवलेल्या प्रोग्रॅममधून कोड परत वाचणारं साधन) डीएलएल ओढून टाकायचा काय तो उशीर. त्यामुळे एमडी५ काढून जगातला सगळ्यात भारी हॅश लावलात तरी दार तेच, उघडंच.

तपासणी डेटा जिथे आहे तिथे व्हायला हवी. सर्व्हरच्या पीसीवर एएसपी डॉटनेट कोअरचं छोटं एपीआय (विनंती घेऊन उत्तर देणारा मधला प्रोग्रॅम) विंडोज सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे चालू राहील असं, बसवा. आठही मशीन एपीआयशी बोलतील, डेटाबेसशी फक्त एपीआय. लॅनसाठी एसक्यूएल कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपी चालू केलं असेल ते परत बंद करा. एपीआय त्याच मशीनवर असल्याने शेअर्ड मेमरीवर चालतं. एसएचा पासवर्ड बदला. एपीआयला वेगळं खातं द्या, त्याला लागतील तेवढ्याच टेबलांचे हक्क.

सर्व्हिस करताना एक खड्डा आहे. विंडोज सर्व्हिसची चालू डिरेक्टरी सिस्टम३२ असते, तुमचा फोल्डर नव्हे. कन्सोलमध्ये गुण्यागोविंदाने चालणारं एपीआय सर्व्हिस झालं की 'ॲपसेटिंग्ज सापडत नाही' म्हणतं ते यामुळे. कंटेंट रूट म्हणून ॲपकॉन्टेक्स्टची बेस डिरेक्टरी द्या.

हॅशसाठी स्वतः काही लिहू नका, एएसपी डॉटनेट आयडेंटिटीचा पासवर्ड हॅशर घ्या. डॉटनेट ७ पासून तो पीबीकेडीएफ२ (अंदाज लावणाऱ्याला संथ करणारी हॅश पद्धत), एचमॅक-एसएचए५१२, १,००,००० फेऱ्या वापरतो. सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळलेला यादृच्छिक तुकडा) आणि फेऱ्यांचा आकडा हॅशमध्येच साठवतो, त्यामुळे पुढे फेऱ्या वाढवल्या तरी जुने हॅश तपासता येतात. चुकीचे पाच प्रयत्न झाले की पाच मिनिटं खातं बंद, ही सोय त्यात आहे. पण पासवर्ड-साइन-इनच्या मेथडला लॉकआउट-ऑन-फेल्युअर ट्रू दिलं तरच चुका मोजल्या जातात. बऱ्याच कोडात तिथे फॉल्स असतं आणि लॉकआउट कधी लागतच नाही.

जुन्या एमडी५ वर नवा हॅश चढवायची युक्ती हजारो वापरकर्ते असतील तेव्हा करावी. तुमचे २३ आहेत. सगळ्यांना तात्पुरता पासवर्ड द्या, पहिल्या लॉगिनला बदलायला लावा, जुना कॉलम उडवा. महिनाभरात घेतलेल्या बॅकअप फाइलींमध्ये ते एमडी५ तसेच बसलेत, तेव्हा जुना पासवर्ड पुन्हा कोणाला ठेवू देऊ नका.

लॉगिन झाल्यावर काय द्यायचं? जेडब्ल्यूटीचा (सही केलेला, माहिती स्वतःतच असलेला टोकन) मोह टाळा, आठ मशीनना ते ओझं आहे. ३२ बाइटचा यादृच्छिक टोकन (लॉगिन झाल्याची खूण) बनवा, मशीनला तो द्या, टेबलात फक्त त्याचा एसएचए-२५६ हॅश, वापरकर्ता आयडी आणि मुदत ठेवा. मुदत दहा तास, म्हणजे एक कामाचा दिवस. आणि पावतीवर 'कोणी केली' हे एपीआयने टोकनवरून भरायचं. मशीनने पाठवलेला वापरकर्ता आयडी मान्य केलात तर ही सगळी मेहनत पाण्यात.

अर्धविराम

प्रोग्रॅम बंद होतो त्याचं कारण डब्ल्यूपीएफचा शटडाउन मोड. मुळात तो 'शेवटची खिडकी बंद झाली की बंद' असा असतो. लॉगिनची खिडकी मिटते त्या क्षणी मुख्य खिडकी जन्मलेली नसेल, तर लॉगिन हीच शेवटची. ऑन-स्टार्टअपमध्ये आधी मोड 'सांगितल्यावरच बंद' करा, लॉगिन शो-डायलॉगने दाखवा, ते जमलं की मुख्य खिडकी बनवून ॲप्लिकेशनच्या मेन-विंडोला स्वतः नेमून द्या आणि मग मोड 'मुख्य खिडकी बंद झाली की बंद' करा. स्वतः नेमायचं कारण, जी खिडकी पहिली बनते तिलाच डब्ल्यूपीएफ मुख्य समजतं, आणि ती तुमची लॉगिनची असते. लॉगिन रद्द केलं तर शटडाउन स्वतः बोलवा, नाहीतर टास्क मॅनेजरमध्ये भुतं उरतील.

जाता जाता: पासवर्डबॉक्सचा पासवर्ड बाइंड होत नाही (कोडातल्या डेटाशी आपोआप जोडला जात नाही) म्हणून लोक अटॅच्ड प्रॉपर्टीची कसरत करतात. मुद्दामच तसं ठेवलंय. बटणाच्या क्लिकमध्ये वाचा, एपीआयला पाठवा, बॉक्स रिकामा करा. सिक्युअरस्ट्रिंगच्या (मेमरीत मजकूर झाकून ठेवायचा प्रकार) मागे लागू नका; नव्या कोडात ती वापरू नका असं मायक्रोसॉफ्टच सांगतं.

दुवा_तुटला

गुगलबद्दल. वेबव्ह्यूमध्ये गुगल जाणूनबुजून अडवतं, कारण आपल्या खिडकीत उघडलेल्या पानावर आपलंच सॉफ्टवेअर पासवर्ड चोरू शकतं. यूजर एजंट बदलून फसवा, असा सल्ला कोणी देईल, तिकडे जाऊ नका. आज चाललं तर उद्या बंद पडेल. आरएफसी ८२५२ (इंटरनेटची नियमपत्रिका, ऑक्टोबर २०१७) डेस्कटॉपसाठी स्पष्ट सांगते: मशीनचा नेहमीचा ब्राउझर उघडा, उत्तर लूपबॅक पत्त्यावर (मशीनचा स्वतःचाच पत्ता) घ्या, पीकेसीई लावा (मध्येच चोरलेला कोड दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणूनची गुप्त जोडी).

गुगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये क्लायंटचा प्रकार 'डेस्कटॉप ॲप' निवडा. 'वेब ॲप्लिकेशन' निवडलंत तर पोर्ट दर वेळी वेगळा म्हणून रीडायरेक्ट यूआरआय जुळत नसल्याची एरर खाल. टीसीपी-लिसनर लूपबॅकवर पोर्ट ० देऊन उघडा, विंडोजने दिलेला पोर्ट टिपून घ्या, तो बंद करून त्याच पोर्टवर एचटीटीपी-लिसनर लावा. प्रीफिक्सच्या शेवटी तिरकी रेघ हवीच, नसेल तर लगेच एक्सेप्शन. पत्ता १२७.०.०.१ असा लिहा, लोकलहोस्ट नको.

३२ यादृच्छिक बाइट, बेस६४-यूआरएलमध्ये ४३ अक्षरं, हा झाला पीकेसीईचा व्हेरिफायर. त्याचा एसएचए-२५६ करून, पुन्हा बेस६४-यूआरएल, शेवटची बरोबरची चिन्हं काढून, तो चॅलेंज म्हणून पाठवा. साधं बेस६४ वापरलं की अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ मध्ये येतात, आणि लॉगिन कधी चालतं कधी नाही. दोन दिवस खाणारी चूक हीच. स्टेटही (विनंतीसोबत जाऊन परत येणारी खूण) यादृच्छिक द्या, परत आलेला जुळवून पाहा.

ब्राउझर उघडताना प्रोसेस-स्टार्टला यूज-शेल-एक्झिक्यूट ट्रू द्या. जुन्या फ्रेमवर्कमध्ये ते आपोआप होतं, आताच्या डॉटनेटमध्ये फॉल्स असतं आणि 'फाइल सापडली नाही' अशी गोंधळात टाकणारी एरर येते. वापरकर्ता टॅब बंद करून चहाला गेला तर लिसनर जन्मभर वाट पाहील, म्हणून तीन मिनिटांची मुदत आणि खिडकीत 'रद्द' बटण. ब्राउझर फेवआयकॉनही मागतो. ठरलेल्या पाथवरचीच विनंती मोजा.

गुगलकडून मिळालेला कोड आणि व्हेरिफायर एपीआयला द्या, गुगलशी अदलाबदल एपीआयने करावी. म्हणजे क्लायंट सीक्रेट एक्झीत जात नाही. आयडी टोकन (गुगलने दिलेला ओळखीचा दाखला) गुगलच्या डॉटनेट लायब्ररीने तपासा, आणि सेटिंग्जमध्ये ऑडियन्स (दाखला कोणत्या ॲपसाठी आहे ते) भरा. तो रिकामा सोडला तर लायब्ररी ऑडियन्स तपासतच नाही, दुसऱ्या कुठल्याही ॲपसाठीचा टोकन चालून जातो. टेबलात ओळख म्हणून ईमेल नको, सब (टोकनमधला गुगल खात्याचा न बदलणारा आयडी) ठेवा. ईमेल बदलू शकतो. गुगल फक्त हा माणूस कोण ते सांगतं. आत घ्यायचा की नाही हे तुमचं टेबल ठरवेल, आधी नोंदवलेला नसेल तर सरळ नकार.

सर्व्हरचा पीसी जुना असेल तर मदरबोर्डवरचा सेल बघा. घड्याळ मागे पडलं की 'टोकन भविष्यातला आहे' म्हणून सगळ्यांचं गुगल लॉगिन एकदम बंद पडतं.

वऱ्हाडी_बाइट

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. मराठी ऑफिस आहे, कीबोर्ड मराठीवर असतो. आयडेंटिटीचे मूळ नियम फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतात. वापरकर्त्याचं नाव 'सुनीता' ठेवलंत तर 'अवैध' म्हणेल. पासवर्डमध्ये देवनागरी ७ हा त्याला अंक वाटत नाही, उलट 'क' हे खास चिन्ह वाटतं! नावासाठी परवानगी असलेली अक्षरं बदला. पासवर्डचे कॅपिटल-अंक-चिन्ह नियम काढून नुसती लांबी ठेवा, किमान १२.

देवनागरी पासवर्ड चालू द्यायचा असेल तर हॅशच्या आधी एनएफसी करा, म्हणजे युनिकोडमध्ये एकच अक्षर दोन तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर एका रूपात आणा. 'ऱ' एका कोडपॉइंटनेही (युनिकोडचा एक क्रमांक) लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. दिसतात सारखे, बाइट वेगळे. पण 'वऱ्हाड' मधला ऱ्ह काही कीबोर्ड र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा देतात. तो एनएफसीने एक होत नाही. ठिपक्यांमागे काय गेलं हे माणसाला दिसतही नाही. बीक्रिप्ट (आणखी एक हॅश पद्धत) कोणी सुचवला तर ध्यानात ठेवा, त्याची मर्यादा ७२ बाइट. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट, म्हणजे २४ मध्ये संपलं. एकटं 'क्षे' १२ बाइट खातं.

माझं मत, पासवर्डच्या बॉक्सला इनपुट-लँग्वेज-मॅनेजरची अटॅच्ड प्रॉपर्टी लावून इंग्रजी कीबोर्ड द्या आणि बाजूला चालू भाषा व कॅप्स लॉक दाखवा. 'पासवर्ड चुकतोय' असे निम्मे फोन तिथेच थांबतात.

खिडकी_उघडी

शटडाउन मोड बदलला, चाललं. एपीआय लॅनवरच असेल तर इंटरनेट गेलं तरी पासवर्डने लॉगिन होईल, फक्त गुगलचं बटण अडेल, बरोबर ना? एचटीटीपीएस लॅनवर गरजेचं आहे का? आणि 'लक्षात ठेव' राहिलंच. एका मशीनवर तीन क्लार्क आळीपाळीने बसतात, विंडोजचं लॉगिन तिघांचं एकच.

लॅनवरचा_माणूस

बरोबर. एचटीटीपीएस हवंच, नाहीतर पासवर्ड तारेवरून उघडा जातो. पॉवरशेलच्या न्यू-सेल्फसाइन्ड-सर्टिफिकेटने बनवा, डीएनएस नावात सर्व्हर पीसीचं तेच नाव द्या जे मशीन वापरणार. एपीआयचा पत्ता आयपीने लिहिलात तर नाव जुळणार नाही. सर्टिफिकेट, खासगी किल्लीशिवाय, प्रत्येक मशीनच्या ट्रस्टेड रूटमध्ये (भरवशाच्या सर्टिफिकेटांची यादी) टाका. मुदत स्वतः द्या. न दिल्यास एक वर्षाची असते, आणि वर्षाने एका सकाळी आठही मशीन एकदम रुसतात. कोडात सर्टिफिकेट तपासणीला 'नेहमी ट्रू' असं उत्तर देणारा कॉलबॅक मात्र लिहू नका.

'लक्षात ठेव' मध्ये पासवर्ड कधीच साठवायचा नाही, टोकन साठवायचा, डीपीएपीआयने (विंडोजच्या खात्याला बांधलेलं कुलूप) चालू वापरकर्त्याच्या कक्षेत बंद करून. विंडोज क्रेडेन्शियल मॅनेजरही चालेल, २५६० बाइटची मर्यादा आहे, आपला टोकन इवलासा. ॲडमिनने विंडोजच्या लोकल खात्याचा पासवर्ड रीसेट केला की डीपीएपीआयने बांधलेलं उलगडत नाही. ते एक्सेप्शन पकडा, फाइल पुसा, लॉगिन दाखवा.

पण तुमच्याकडे विंडोजचं खातं तिघांत एक, म्हणजे डीपीएपीआयच्या लेखी तिघं एकच माणूस. सकाळी एकाने टिक केली की दिवसभराच्या पावत्या त्याच्या नावावर. त्या मशीनवर टिकबॉक्स दाखवूच नका. उलट दहा मिनिटं कीबोर्ड-माऊस हलला नाही तर कुलूप लावा. गेट-लास्ट-इनपुट-इन्फो विचारलं की शेवटची हालचाल कळते. कुलूप लागताना अर्धवट भरलेली पावती पुसू नका, वर नुसता पडदा टाका. तोच माणूस परतला तर पुढे चालू, दुसरा आला तर पावती मसुद्यात.

खिडकी_उघडी

कोणी नोकरी सोडली तर वापरकर्ता डिलीट करायचा का?

अर्धविराम

नाही, जुन्या पावत्यांवर त्याचा आयडी आहे. 'सक्रिय' कॉलम शून्य करा, डेटाबेसच्या त्याच व्यवहारात टोकन टेबलातल्या त्याच्या ओळी काढा. एपीआय प्रत्येक विनंतीला टोकन टेबलात बघत असल्याने पुढच्याच क्लिकला तो बाहेर. गुगलने येत असेल तर सबची नोंद राहू द्या, नकार 'सक्रिय' वरूनच मिळेल. आणि बसवताना पहिला ॲडमिन 'ॲडमिन/ॲडमिन' असा पाठवू नका. पहिल्यांदा चालू करताना सर्व्हरच्या स्क्रीनवर एकदाच वापरायचा कोड दाखवा.