शब्दचर्चा : 'एजी' विनोद, 'प्रौढ' वाचक आणि स्वतःचे व्यंग

प्रश्नकर्ती (वाचनालय, कॉलेज रोड) :

नमस्कार. नाशिकला कॉलेज रोडच्या एका गल्लीत आम्ही चौघी मिळून लहानसे वाचनालय चालवतो. यंदा तिथे एक नवा कप्पा सुरू करायचा आहे. चित्रकार स्वतःचीच फजिती, स्वतःचे नैराश्य, थकलेले हप्ते, फसलेली प्रेमे आणि शरीराच्या चारचौघांत न सांगण्याच्या तक्रारी विनोदाने मांडतो, आणि तो विनोदही चांगलाच अंगावर येणारा असतो, अशा चित्रमालिका त्यात ठेवायच्या आहेत. यांतील बहुतेक मालिका आधी इंटरनेटवर भागाभागाने आल्या आणि मग त्यांची पुस्तके झाली. कप्प्यावर पाटी लावायची म्हणून बसलो, तर एकेक शब्द अडू लागला. अशा अंगावर येणाऱ्या विनोदाला इंग्रजीत 'एजी' (edgy) म्हणतात, त्या विशेषणाला मराठी शब्द काय? देवनागरीत तो तसाच लिहिला, तर हिंदी सिनेमातली बायको नवऱ्याला हाक मारते आहे असे वाटते. 'वेबकॉमिक'ला काय म्हणावे? आणि 'प्रौढांसाठी' असे लिहिले, तर आमच्याकडे येणारी पंचविशीतली मुले त्या कप्प्याकडे फिरकतील का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मुद्रितशोधक (नाशिकरोड) :

ताई, 'प्रौढ'विषयीची तुमची शंका रास्त आहे. 'प्रौढ मतदान' या शब्दप्रयोगात हा शब्द केवळ कायद्याने सज्ञान असलेल्या माणसाविषयी बोलतो, पण बोलण्यात 'प्रौढ गृहस्थ' म्हटले की कानटोपी आणि सकाळचा फेरफटका डोळ्यांपुढे येतो. 'प्रौढ शिक्षण' म्हटले की पाटी-पेन्सिल घेऊन बसलेले आजोबा आठवतात, आणि 'प्रौढी मिरवणे' तर निव्वळ बढाई मारणे झाले. 'वयस्क' हा हिंदीतून आलेला शब्द मराठीत 'वयस्कर'च्या इतका जवळ जातो की घोटाळा वाढेल. पाटीवर सरळ वयाचा आकडा घालावा, हे माझे मत.

'चित्रकथा' हा शब्द मात्र कृपया टाळा. १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केल्यापासून त्या शब्दाला पुराण, इतिहास आणि शाळकरी वय हे तिन्ही चिकटले आहेत. 'कॉमिक्स' चालेल. हा शब्द आपण एकवचनी करून टाकला आहे, 'एक कॉमिक्स दे' असेच मुले म्हणतात, आणि त्यात एक गंमत दडलेली आहे. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्सच्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर मिळणारी कॉमिक्स मुलांपुरती सोवळी झाली. त्यामुळे साठच्या दशकाच्या अखेरीस ज्या चित्रकारांना मोठ्यांसाठी काढायचे होते, त्यांनी आपापली पुस्तके चोरवाटांनी विकली आणि त्या शब्दाची (comics) शेवटची दोन अक्षरे मुद्दाम बदलून तिथे 'एक्स' घातला (comix), म्हणजे हे मुलांचे नव्हे, हे नावावरूनच कळावे. देवनागरीत दोन्हींचे लेखन 'कॉमिक्स' असेच होते. ज्या भेदासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला, तो आपल्या लिपीत उमटतच नाही.

निवृत्त मराठी शिक्षक (पंचवटी) :

'एजी'चा विचार करताना प्रथम आपल्याकडे काय काय आहे ते पाहावे. बोचरा, खवचट, कुजकट, तिरकस, वात्रट, चावट, आंबट, फटकळ. या बाबतीत आपली भाषा चांगली सधन आहे. परंतु हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'खवचट' बोलण्यात समोरच्याला टोचण्याचा हेतू असतो, 'कुजकट' बोलण्यात तोच हेतू नासलेला असतो. 'फटकळ' माणसाला हेतूच नसतो, त्याची जीभ पुढे जाते आणि तो मागून येतो. 'तिरकस' बोलणे वाकड्या वाटेने जाते. 'चावट' आणि 'आंबट' हे लैंगिक सूचकतेपाशी थांबतात. 'वात्रट'मध्ये लहान मुलाचा खोडकरपणा आहे, आणि मंगेश पाडगावकरांच्या 'वात्रटिका' लोकप्रिय झाल्यापासून तो शब्द यमकाशी बांधला गेला आहे.

आता मूळ इंग्रजी शब्दातील 'कड' (edge) घ्या. इंग्रजीत कडेला जाणे म्हणजे धोका पत्करणे. मराठीत 'काठ' ही नेमकी सुरक्षित जागा आहे. काठावर उभे राहून गंमत पाहतात, काठावरून पोहायला शिकवतात, आणि पस्तीस गुण मिळवणारा काठावर पास होतो, म्हणजे बुडता बुडता वाचतो. तेव्हा 'काठावरचा विनोद' असे कोणी भाषांतर केले, तर अर्थ उलटा होईल. आपल्याकडे धोका असतो तो धारेत. सुरीलाही धार असते आणि नदीलाही असते, हा मराठीने दिलेला योगायोग येथे कामी यावा असे मला वाटते.

आपण नाशिककर आहोत, म्हणून उदाहरण घरचेच देतो. गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदेला किती पूर आला, हे आपण आकड्यांत विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले का, कमरेला लागले का, गळ्याशी आले का, असे विचारतो. मारुती धारेत उभा असतो आणि आपण होळकर पुलावर कोरडे उभे राहून त्याच्या अंगावरून पाण्याची खोली वाचतो. स्वतःविषयी निर्दय विनोद करणारा चित्रकार आणि त्याचा वाचक यांचे नाते मला असेच दिसते. वरच्या यादीतील एकही विशेषण या चित्रकाराला लागत नाही, याचे कारणही तेच आहे. ती विशेषणे दुसऱ्याला टोचणाऱ्या माणसासाठी घडलेली आहेत, आणि येथे टोचणारा व टोचून घेणारा एकच आहे.

चित्र काढणारी (सिडको) :

सर, तुमचे शेवटचे वाक्य वाचून लिहिल्याशिवाय राहवेना, कारण गेली तीन वर्षे मी हेच काम करते आहे आणि त्याला काय म्हणायचे हे मलाच सांगता येत नाही. घरी विचारले तर 'मोबाइलवर चित्रे काढते' असे सांगतात.

माझी नोकरी सुटली तेव्हा मी दोन महिने घरी सांगितले नव्हते. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकाच्या आसपास वेळ काढायचा आणि संध्याकाळी दमल्याचे सोंग करून परतायचे, असा क्रम होता. एक दिवस आईने दोन पोळ्या जास्त बांधल्या आणि म्हणाली, "साहेबांनाही दे, माणूस खाल्ल्या अन्नाला जागतो." त्या दिवशी झाडाखाली बसून साहेबांच्या वाटच्या दोन पोळ्या मीच खाल्ल्या. पुढे ही हकीकत मी चार चौकटींत काढली. चौथ्या चौकटीत संवादाचा फुगा नाही, फक्त चघळणारे तोंड आहे. ती मालिका मी टाकली त्या रात्री अनोळखी लोकांचे इतके संदेश आले की मला उत्तरे देता येईनात, आणि त्यांतील बहुतेकांचा मजकूर एकच होता : मीही असेच केले होते, फक्त माझी जागा वेगळी होती. एकाने तर रोज बसायच्या बाकाचे वर्णन लिहिले होते.

मावशीने मात्र सुनावले की घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये. 'चव्हाट्यावर मांडणे' हा शब्दप्रयोग तेव्हापासून माझ्या डोक्यात फिरतो आहे. आपल्याकडे आत आणि बाहेर यांच्यामधली रेघ भाषेनेच आखून ठेवलेली आहे, आणि या चित्रांचा चटका बसतो तो ती रेघ ओलांडल्यामुळे. विषय अश्लील असायलाच हवा असे नाही. दोन पोळ्यांत अश्लील काय आहे? तरी पण लहान मुलाला ती मालिका दाखवली, तर त्याला हसू येणार नाही. खोटे बोलण्यातला थकवा कळायला वय लागते, आणि 'मोठ्यांसाठी' या शब्दाचा मी लावलेला अर्थ एवढाच आहे.

आणखी एक. माझी चित्रे कच्ची आहेत आणि मी ती कच्चीच ठेवते. अमेरिकेत अ‍ॅली ब्रॉश हिने २००९ पासून आपल्या आयुष्यावर अशा मालिका काढल्या, त्यांत तिने स्वतःला गुलाबी झगा आणि डोक्यावर पिवळे टोक असलेल्या, बेडकासारख्या डोळ्यांच्या आकृतीच्या रूपात दाखवले आहे. नैराश्यावरची तिची मालिका मी प्रथम वाचली तेव्हा हसता हसता थांबले होते. चेहरा जितका साधा, तितके जास्त वाचक त्यात स्वतःला पाहतात, असे कॉमिक्सचा अभ्यासक आणि चित्रकार स्कॉट मॅक्लाउड याने १९९३ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडले आहे. माझ्या हुबेहूब चेहऱ्यात फक्त मीच मावले असते.

निवृत्त मराठी शिक्षक :

तुम्ही जे करता त्याला शब्द आहे, आणि तो जुनाच आहे. तो 'व्यंगचित्र'.

या शब्दाची फोड नेहमी वादाची ठरते. काहींच्या मते त्याचे मूळ 'व्यंग्य' असावे, म्हणजे जे थेट न सांगता सूचित केले जाते ते. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ज्या ध्वनीचा, म्हणजे काव्यातल्या सूचित अर्थाचा, विचार केला, त्या परंपरेतला हा शब्द, आणि हिंदीत उपहासाला आजही 'व्यंग्य' म्हणतात. परंतु मराठीने 'य' घेतला नाही. आपण 'व्यंग' लिहितो, आणि मराठीत व्यंग म्हणजे उणेपणा, अंगातले न्यून. निर्दोष वस्तूला आपण 'अव्यंग' म्हणतो. आपल्याकडे व्यंगचित्र हे बहुधा दुसऱ्याचे व्यंग दाखवत आले : पुढाऱ्याचे, भटजीचे, जाड बायकोचे, बावळट नवऱ्याचे. म्हणूनच कोणालाही न दुखवणाऱ्या निर्मळ चित्रांसाठी 'हास्यचित्र' हा वेगळा शब्द सोयीचा झाला, आणि शि. द. फडणीस यांची शब्दांवाचून बोलणारी चित्रे त्या नावाला शोभली. 'आवाज'च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रे आठवा. खिडकीतून काही भलतेच दिसते, पान उलटले की आत साधाच प्रसंग निघतो, आणि पकडला जातो तो वाचक. म्हणजे दुसऱ्याचे व्यंग झाले, वाचकाचे व्यंग झाले, राहिले होते ते चित्रकाराचे स्वतःचे. जस्टिन ग्रीन या अमेरिकन चित्रकाराने १९७२ साली आपल्या मनातल्या धार्मिक अपराधभावाची आणि विकृत वाटणाऱ्या विचारांची हकीकत कॉमिक्समध्ये उघडी केली, आणि आत्मचरित्रात्मक कॉमिक्सची सुरुवात बहुधा तिथूनच मोजतात. त्या घटनेचे वर्णन मी मराठीत एवढेच करीन की व्यंगचित्रातले व्यंग त्याच्या मालकाकडे परत गेले.

आणि हे सारे परदेशातूनच आले असे मानू नये. याच जिल्ह्यातल्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यापासून स्वतःच्या फजितीपर्यंत सगळे काही हसत सांगितले, आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला नाव दिले 'स्मृतिचित्रे'. त्यांत रेघ एकही नाही, तरी त्यांना 'चित्रे' हाच शब्द सुचला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये, असे त्यांनाही कोणी तरी म्हणालेच असेल. तुमच्या मावशींना ते पुस्तक वाचायला द्यावे.

मुद्रितशोधक :

सरांचे विवेचन पटले, तरी धंद्याच्या सवयीने एक हरकत नोंदवतो. 'व्यंग' हा शब्द आज नाजूक झाला आहे. सरकारी कागदांतून 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आला, आणि शारीरिक उणेपणाविषयीचा कोणताही शब्द पाटीवर लिहिताना हात आखडतो. 'व्यंगचित्र' हा शब्द रूढ असल्यामुळे कोणाला खटकणार नाही, पण त्यातले 'व्यंग' वेगळे काढून 'स्वतःचे व्यंग' असे लिहिले, तर वाचनालयाच्या दारात खुलासे करावे लागतील. 'आत्मव्यंगचित्रे' असा समास करता येईल, मात्र तो उच्चारताना जीभ अडखळते आणि दिसायला पीएच.डी.च्या प्रबंधासारखा दिसतो. 'आपबीती' हा शब्द मला अधिक मोकळा वाटतो. त्याला 'जगबीती' हा जोडीदार आहे, आणि सिडकोच्या ताईंना रात्री जे संदेश आले ते म्हणजे आपबीतीची जगबीती झाल्याचेच उदाहरण.

निवृत्त मराठी शिक्षक :

'आपबीती'त थोडे रडे आहे. आपबीती सांगणारा माणूस दाद मागतो. या चित्रकारांना दाद नको असते, हशा हवा असतो, आणि वाचकाला त्यांचे आकर्षण वाटते तेही त्यामुळेच. आपली कीव करायला लावणारा माणूस आपल्यावर ओझे टाकतो, स्वतःची टर उडवणारा ते ओझे आधीच उचलून आलेला असतो.

चित्र काढणारी :

सर, हे अगदी खरे असते तर बरे झाले असते. चौथी चौकट काढताना मला दाद हवीच होती. फक्त ती मागितल्याचे दिसू नये म्हणून मी फुगा काढून टाकला.

प्रश्नकर्ती :

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही चौघींनी बसून 'एजी' हा शब्द पाटीवरून काढूनच टाकला, कारण चित्रकार स्वतःवर हसतो आहे एवढे कळले की पुढचे विशेषण वाचक स्वतः लावेल असे वाटले. 'वेब'ही गाळला, कारण कप्प्यात शेवटी पुस्तकेच असणार आहेत. पाटी अशी केली आहे : 'स्वतःवरची व्यंगचित्रे. वय वर्षे १८ च्या पुढे.' सिडकोच्या ताईंनी त्यांच्या मालिकांच्या छापील प्रती दिल्या, तर त्या पहिल्या फळीवर ठेवू.

मुद्रितशोधक :

'वय वर्षे १८ च्या पुढे' याऐवजी '१८ वर्षांवरील वाचकांसाठी' करावे. नाही तर व्यंगचित्रांचेच वय १८ च्या पुढे आहे असा अर्थ होतो.

प्रश्नकर्ती :

पाटी रंगवून झाली आहे, काका. आता त्याच अर्थाने वाचावी.