नवीन ले-आउटमध्ये बंद गल्ल्यांना परवानगी द्यावी का? (टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांची चर्चा)

आराखडा: शहर पसरतं तेव्हा कडेची जमीन तुकड्यातुकड्यानं ले-आउटला येते. प्रत्येक विकासक एक फाटक ठेवतो आणि बाकी गल्ल्या कुंपणाशी संपवतो. मग पाठीला पाठ लावून असलेल्या घरांमध्ये अंतर ४० मीटर, पण रस्त्यानं जायचं तर दीड किलोमीटर. इमारत पाडून नवी बांधता येते. भूखंड विकले गेले की रस्त्याची रेषा मात्र पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. म्हणून हद्दीवर दर १५०-२०० मीटरला एक रस्ता शेजारच्या जमिनीपर्यंत नेण्याची सक्ती मंजुरीतच हवी. अमेरिकेतल्या पोर्टलंड महानगर क्षेत्रात ५३० फुटांचा, म्हणजे सुमारे १६० मीटरचा निकष आहे.

तिठा: सक्तीला माझा विरोध. रस्ते आरपार नेले की चौक वाढतात. चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांच्या आड येतात, तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर फक्त ९. न्यू जर्सीतलं रॅडबर्न १९२९ मध्ये बंद गल्ल्यांवर वसवलं ते घरासमोरून परकी वाहनं जाऊ नयेत म्हणूनच. शिवाय जमिनीचा हिशेब करा. १० मीटर रुंद रस्त्यांची, दर १०० मीटरला एक रस्ता अशी उभी-आडवी जाळी १९ टक्के जमीन घेते, दर ६० मीटरला एक अशी जवळपास ३१ टक्के. तो भार शेवटी घर घेणाऱ्यावरच पडतो.

आराखडा: रॅडबर्नमध्ये घरांमागून बागेपर्यंत पायवाटा होत्या. नक्कल करणाऱ्या कित्येकांनी गल्ल्या घेतल्या, पायवाटा गाळल्या. आणि चौकच हवेत असं मी म्हणतच नाही. तिठे घ्या, पण रस्ता आरपार ठेवा.

जलवाहिनी: पाइपांचाही विचार करा. बंद गल्लीत जलवाहिनीचं टोकही बंद. तिथं पाणी साचून राहतं, क्लोरीन उतरतो, आणि वॉशआउट व्हॉल्व्ह उघडून ते पाणी वरचेवर सोडून द्यावं लागतं. वाहिनी फुटली की पुढची सगळी घरं कोरडी. दोन्ही टोकं जोडलेली असली तर दुसऱ्या बाजूनं पुरवठा चालू राहतो.

तिठा: त्यासाठी रस्ता कशाला? दोन भूखंडांमध्ये ३ मीटरची पट्टी राखा. खाली वाहिनी, वर पायवाट. नेदरलँड्समधल्या हाउटनमध्ये सायकल सरळ जाते, मोटारीला बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यानं वळसा पडतो.

आराखडा: तत्त्व मान्य, रुंदी नाही. दोन उंच भिंतींमधली ३ मीटरची पट्टी अंधारी होते, लोक टाळतात, मग कोणीतरी फाटक लावून कुलूप घालतं. ६ मीटर ठेवा, काढता येणारे खांब रोवा. उद्या बस किंवा अग्निशमन बंब न्यायचा झाला तर वाट उघडता येईल. आणि पट्टीची मालकी मंजुरीच्या दिवशीच पालिकेकडे जायला हवी, सोसायटीकडे नाही.

तिठा: मालकीबद्दल वाद नाही. पण शेजारची जमीन २० वर्षं पडीक राहिली तर? तोवर लोक त्या टोकाला गाड्या लावतात, झाडं लावतात. रस्ता उघडायला गेलात की तेच आडवे येतात.

आराखडा: येतात, कारण त्यांना कोणी आधी सांगितलेलं नसतं. ‘हा रस्ता पुढे जोडला जाणार आहे’ असा फलक पहिल्या दिवसापासून त्या टोकाला हवा, आणि तेच वाक्य प्रत्येक खरेदीखतात.