दुभंगलेला देश जोडण्यात तत्त्वज्ञांचा हात असतो का? (जर्मनीच्या निमित्ताने)

ओसरी
पूर्व आणि पश्चिम जर्मनी १९९० साली एक झाले, याचं श्रेय आपण पश्चिमेचे चॅन्सेलर कोल, सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह आणि रस्त्यावर उतरलेल्या लोकांना देतो. माझ्या मते त्या यादीत तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स हवेत.

पत्नी ज्यू म्हणून नाझींनी १९३७ साली त्यांची हायडलबर्गची प्राध्यापकी काढून घेतली. युद्ध संपल्यावर, १९४५-४६ च्या हिवाळ्यात, त्याच विद्यापीठात ते हरलेल्या देशातल्या पोरांसमोर अपराधावर बोलले. त्यांनी अपराधाचे चार वाटे केले. कायद्याने गुन्हा असेल तर निवाडा कोर्टाचा. नागरिक म्हणून येणारी राजकीय जबाबदारी जेते ठरवतील. नैतिक दोष ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावा. आणि शेजारी मारला जात असताना आपण जिवंत राहिलो, याचा जाब फक्त देवापुढे. 'सगळेच खुनी' आणि 'आम्हाला काही ठाऊकच नव्हतं' यांच्यामध्ये बोलायला जागा झाली ती यामुळे. हे काम राजकारण्याच्या हातून होत नाही.

काळा फळा
वर्गात बोलले, मान्य. पण देशाने ऐकलं कधी? सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांच्या चिकाटीने १९६३ साली फ्रँकफुर्टला आउश्वित्झ या नाझी छळछावणीचा खटला उभा राहिला, साक्षीदार पिंजऱ्यात आले, तेव्हा. आणि १९९० साली पूर्व जर्मनीतल्या मोर्चांत पश्चिमेच्या चलनाची, मार्कची घोषणा होती: 'मार्क आला तर राहू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ.' १ जुलैला मार्क आला, ३ ऑक्टोबरला देश एक झाला. पोट आणि कायदा, बास.

रानवाट
दोघंही पश्चिमेचंच बोलताय. कम्युनिस्ट पूर्व बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात जिन्यासमोर संगमरवरावर सोनेरी अक्षरांत मार्क्सचं वाक्य लावलं १९५३ साली: तत्त्वज्ञांनी जगाचा नुसता अर्थ लावला, आता ते बदलायचं आहे. आणि चारच वर्षांनी तिकडच्याच लाइपझिगला मार्क्सवादी तत्त्वज्ञ अर्न्स्ट ब्लॉखना सक्तीने निवृत्त केलं. बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा ते पश्चिमेत होते, परतले नाहीत. राष्ट्र उभारायला तत्त्वज्ञ हवेत म्हणणाऱ्या सरकारला होयबाच हवे असतात.

ओसरी
@रानवाट, ब्लॉखना काढावं लागलं, कारण सत्तेला त्यांची धास्ती होती. माझ्याच बाजूचा मुद्दा आहे हा.
@काळा फळा, मार्कने एक झाले, पण कसे? तत्त्वज्ञ हाबरमास सांगत होते, पश्चिम जर्मनीच्या घटनेतलं कलम १४६ वापरा, नवी राज्यघटना लिहून लोकांसमोर मतदानाला ठेवा. सरकारने कलम २३ चा जवळचा रस्ता धरला आणि पूर्व भाग जुन्या घटनेत नुसता सामील करून घेतला. 'आम्हाला कुणी विचारलंच नाही' ही सल तिकडे अजून आहे.

काळा फळा
मतदान घेत बसले असते आणि एकीकरणाला होकार देणाऱ्या मॉस्कोत मध्येच सत्ता पालटली असती तर? १९९१ च्या ऑगस्टमध्ये गोर्बाचेव्हविरुद्ध बंड झालंच ना! आणि आपल्याकडचं पाहा. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्युईंकडे शिकले, पण अस्पृश्यता बेकायदा ठरली ती कलम १७ ने.

ओसरी
तेच बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत म्हणाले, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील? बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य राखायला पोलीस शिपाई लागेल, हेही त्याच भाषणात आहे. कलमं लिहिणारा माणूस हे सांगतोय.

काळा फळा
आणि शिपाई लागलाच. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला. ज्याच्या दारात दगड पडतात त्याने बंधुता येईपर्यंत थांबायचं का?