दुपारी धूर जातो कुठे?

उपग्रहाच्या दुपारच्या चित्रात वणव्याचा धूर विरळ दिसला म्हणजे तो ओसरला, असं वाटू शकतं. तसं असेलच असं नाही. धुराचे कण बहुतेक एका मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) लहान असतात आणि प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतात. म्हणून सूर्य क्षितिजालगत असताना भूस्थिर उपग्रहाला (पृथ्वीच्या एकाच भागावर कायम नजर ठेवणाऱ्या) धुराचा पट्टा लख्ख दिसतो. ऊन माथ्यावर आलं की तोच पट्टा जमिनीच्या रंगात विरून जातो. गोज (GOES) या अमेरिकेच्या भूस्थिर हवामान उपग्रहांची दर १० मिनिटांची चित्रं सलग पाहिली की फरक लगेच कळतो.

रात्री तर पंचाईतच. ऊन नसल्याने अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशातल्या चित्रांवर भागवावं लागतं, आणि त्या प्रकाशाला धूर जवळपास पारदर्शक! ३.९ मायक्रॉन तरंगलांबीच्या चित्रात आगीचे तापते ठिपके दिसतात, धूर नाही.

धुळीचं गणित उलटं आहे. तिच्यातली सिलिकेट खनिजं १२ मायक्रॉनपेक्षा ११ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचं अवरक्त प्रारण जास्त शोषतात. बर्फकणांच्या विरळ ढगांत नेमकं याच्या उलट घडतं. या फरकावर बेतलेल्या कृत्रिम रंगांच्या चित्रात धूळ गुलाबी-जांभळी दिसते, तीही दिवसरात्र. अर्थात रात्री जमीन निवल्यावर खालची विरळ धूळ निसटतेच.

आणि हो, नुसत्या चित्रावरून श्वासातल्या हवेबद्दल बोलू नये. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेचा धूर न्यूयॉर्कवर आला, पण बराच उंचावर. सूर्य फक्त दुधाळ झाला. जून २०२३ मध्ये कॅनडाचा धूर मात्र थेट रस्त्यावर उतरला. पीएम २.५ चे (हवेतल्या २.५ मायक्रॉन व त्याहून बारीक कणांचे) जमिनीवरचे आकडे सोबत बघाच.