इस्लामी हस्तलिखितांसाठी लायब्ररी फेलोशिप, प्रपोजल कसं लिहू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं तिसरं वर्ष. विषय आहे इराणी गणिती नसीरुद्दीन तुसीने १२४८ मधे केलेली युक्लिडच्या भूमितीच्या ग्रंथाची अरबी आवृत्ती, म्हणजे मूळ मजकूर नाही, तर तो शिकणाऱ्यांनी समासात काय काय लिहून ठेवलंय ते. आत्तापर्यंत स्कॅनवर भागवलं पण आता गाडी अडलीये. एका प्रतीला शेवटी तारीखच नाही, समासातली नोंद अर्धी शिवणीत गेलीये आणि मालकाचा शिक्का म्हणजे नुसता काळा डाग. वॉटरमार्क (कागद बनवतानाच त्यात उमटलेली खूण) तर कागद उजेडावर धरल्याशिवाय दिसत नाही, आणि समजा तीन चंद्रकोरींचा निघाला तर तो व्हेनिसकडून ऑटोमन बाजारात जाणारा कागद, म्हणजे प्रत तुसीच्या कितीतरी नंतरची, मग माझं अख्खं एक प्रकरण बदलतं.

प्रिन्स्टनला अर्ज करायचाय, रॉबर्ट गॅरेटने १९४२ मधे दिलेला संग्रह तिथे आहे, इस्लामी हस्तलिखितं सगळी मिळून ९,५०० च्या आसपास. दुसरं नेदरलँड्समधलं लायडन, तिथे १६६५ मधे वारलेल्या वॉर्नर या डच वकिलाने मृत्युपत्राने दिलेली हजारेक हस्तलिखितं. ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीची बहारी फेलोशिप फारसी ग्रंथकलेसाठी आहे, माझ्या प्रती अरबी म्हणून सोडली.

गेल्या वर्षी एका ठिकाणी नकार आला, फार लागलं मनाला. मला विचारायचंय की स्कॅन ऑनलाइन असताना प्रत्यक्ष यायलाच हवं हे कमिटीला कसं पटवायचं? क्युरेटरला आधी मेल टाकावा का? आणि गाईड गणिताच्या इतिहासातले आहेत, तर दुसरं शिफारसपत्र अरबी शिकवणाऱ्या सरांचं घेऊ का?

प्रतिसाद १
अहो, वर जे लिहिलंय ना, शिवण, शिक्का, चंद्रकोरी, तेच प्रपोजलमधे पहिल्या परिच्छेदात घाला! विषयाचं महत्त्व दोन ओळीत उरका. प्रत्येक प्रतीचा कॅटलॉग नंबर द्या आणि कुठल्या पानावर काय बघायचंय तेही लिहा, कारण या फेलोशिपा बहुतेक थोड्या आठवड्यांच्या असतात, तेवढ्यात काम होईल असं दिसलं पाहिजे. क्युरेटरला मेल नक्की टाका, वॉटरमार्कसाठी पानाखाली ठेवायची लाइट शीट वापरू देतात का ते विचारा. अरबीच्या सरांचं पत्र हवंच, तुम्हाला समासातलं घाईचं अक्षर वाचता येतं हे तेच सांगू शकतात.

धागाकर्ती
खूप आभार. लाइट शीट माहीतच नव्हती! नंबर काढायला बसते, मेल आजच टाकते. लायडनला कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज लिहा.