एच-१बी स्टॅम्पिंग: चेन्नई की मुंबई?

खानापूरकर: मंडळी, मी अमेरिकेत डॅलसला नोकरीला, एच-१बी म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर. पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय, तो नवा लावून घ्यायचाय (म्हणजे स्टॅम्पिंग). नवीन आय-७९७, म्हणजे मंजुरीची नोटीस, हातात आहे. मे महिन्यात बहिणीचं लग्न नंदगडला. बाबा म्हणतात, आपण कर्नाटकात, तेव्हा चेन्नईच्या अमेरिकी वकिलातीतच जायचं. मला मुंबई सोयीची, दादरला मावशी आहे. चालेल का? ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा, मिळेल?

निपाणीची सून: बाबांचं अर्धं खरं ओ. कर्नाटक चेन्नईच्या हद्दीत येतं, पण अर्ज मुंबईलाही करता येतो. सीमावाद इथं तरी आड येत नाही! जिथं तारीख मिळेल तिथं घ्या. ड्रॉपबॉक्स विसरा, सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीला मुलाखत लागतेच. बोटांचे ठसे आधी वेगळ्या केंद्रावर. फी २०५ डॉलर. आणि १५ डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. खात्यांची ही तपासणी सुरू झाल्यावर आमच्या भाचीची तारीख कितीतरी पुढं गेली, बिचारी सासरी अडकून बसली. परतीचं तिकीट बदलता येणारंच काढा की.

खानापूरकर: मग कॅनडात उरकून आलो तर?

वडगावचा: आता नागरिकत्व किंवा वास्तव्य असलेल्या देशातच अर्ज करा म्हणतात. तू आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं त्या नोंदीची, तारीख बघ. ती शिल्लक असेपर्यंत अमेरिकेत राहायला स्टॅम्प लागत नाही, भारतातून परत येताना लागतो. मॅनेजरशी आत्ताच बोलून ठेव, भारतातून काम करू देतात का ते. आमच्या कंपनीत नाही देत.

खानापूरकर: विचारतो. बाबांना चेन्नईचं कसं सांगू, तेवढं बघायचंय.