शार-पे कुत्रा घ्यावा का? हाँगकाँगमध्ये कुणी पाळलाय का, सल्ला हवाय

तुंगचुंगकर
नमस्कार मंडळी. आमच्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांचा म्हातारा शार-पे रोज लिफ्टमध्ये भेटतो. पहिले तीन महिने त्याने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, आता दार उघडलं की गुपचूप माझ्या पायाशी येऊन उभा राहतो. लेक ९ वर्षांची, तिला असाच कुत्रा हवाय आणि खरं सांगायचं तर मलाही. पण फोटोतली पिल्लं नुसती वळ्यावळ्यांची दिसतात आणि ह्याच्या तर कपाळावर नि मानेवर थोड्याच वळ्या, तोंडही सडपातळ. हा खरा शार-पेच ना? आणि पिल्लू बघताना काय बघायचं?

वळीवाला
ताई, खराच आहे, उलट तोच जुना! हे कुत्रे मूळचे दक्षिण चीनच्या ग्वांगडाँगमधले, फोशानजवळच्या दाली गावाचं नाव घेतात. शेतावर राखण, रानडुकराची शिकार ही कामं, पुढे झुंजीतही उतरवले, कातडी सैल असल्यामुळे दुसऱ्याने पकडलं तरी आतल्या आत वळून उलटा चावता यायचं. शार-पे हे नाव कँटोनीज सा-पेईवरून, म्हणजे वाळूसारखी कातडी, केस उलटे चोळून बघा, हाताला टोचतात. १९४९ नंतर चीनमध्ये फार कमी उरले, १९७३ मध्ये हाँगकाँगच्या मॅटगो लॉ यांनी अमेरिकन श्वानप्रेमींना साद घातली म्हणून जात वाचली. पण तिकडे जाडजूड तोंड आणि भरपूर वळ्या लोकांना आवडल्या, तेच वाढत गेलं, त्याला मीट माउथ म्हणतात. आजींचा बोन माउथ, म्हणजे जुन्या सडपातळ तोंडाचा. मी दोन पाळले, माझं मत स्पष्ट आहे, कमी वळ्यांचाच घ्या. जीभ निळी-काळी असते, घाबरू नका.

मिरीची_आई
वरच्यांशी शंभर टक्के सहमत, फक्त एक गोष्ट राहिली आणि ती मी सांगितल्याशिवाय राहूच शकत नाही. आमच्या शार-पे मिरीला दीड वर्षाची असताना एका रात्रीत १०६ ताप, मागच्या पायाचा सांधा टम्म सुजलेला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत खेळायला लागली म्हणून आम्हाला वाटलं काहीतरी इन्फेक्शन असेल. तो शार-पे फीवर होता. असा ताप वारंवार येत राहिला की अमायलॉइड नावाचं प्रथिन किडनीत साचत जातं, मिरी सहाव्या वर्षी गेली. २०११ च्या संशोधनात दिसलं की ज्या जनुकीय बदलामुळे कातडीत हायलुरॉनिक ॲसिड जास्त होऊन ती जाड आणि वळ्यांची होते, त्याचाच ह्या तापाशी संबंध आहे. म्हणून पिल्लाच्या आईबापांना ताप येतो का हे आधी विचारा, उत्तर टाळलं तर निघून या. पापण्या आत वळल्यात का तेही डॉक्टरांकडून बघून घ्या, केस डोळ्याला घासून बुबुळाला जखम होते.

तुंगचुंगकर
वाचून पोटात गोळा आला. मिरीबद्दल फार वाईट वाटलं. इथल्या दमट हवेत कातडीचं कसं करता? आणि लेकीशी जमेल का?

वळीवाला
फिरून आलात की वळ्या कोरड्या पुसायच्या, ओल राहिली की वास आणि खाज सुरू. सारखी आंघोळ नको. कानाची नळी अरुंद असते, दर आठवड्याला नजर टाका. उन्हाळ्यात पहाटे नि रात्रीच बाहेर. घरात हा फार स्वच्छ, शी-शूचं लवकर शिकतो. घरच्यांवर जीव, परक्यांशी लांबूनच, म्हणून लहानपणीच माणसं आणि कुत्री भरपूर दाखवा. लेकीला सांगा मागून मिठी मारायची नाही, झोपला असेल तर हाक मारून उठवायचं. ओळखीची चिप, रेबीजची लस, लायसन्स हे पाच महिन्यांच्या आत, लस आणि लायसन्स दर तीन वर्षांनी परत.

मिरीची_आई
आणि आजींचा कुत्रा महिनाभर तुम्हीच फिरवून बघा ना, त्यांनाही मदत होईल.

तुंगचुंगकर
आजच विचारलं, आजींनी उद्या सकाळी सहाला बोलावलंय! माझं कँटोनीज कच्चं, ताप येतो का हे कसं विचारू?

मिरीची_आई
फात सिउ म्हणजे ताप. तेवढा शब्द म्हणून मागच्या पायाच्या सांध्याकडे बोट दाखवा, शार-पेवाल्या आजी आहेत, लगेच कळेल त्यांना.